एक्केचाळिसावी चिठ्ठी

आमच्या भावोजींनी एक भाषा तयार केली आहे. हे वाक्य मी आजवर बऱ्याच नातेवाइकांना सांगून पाहिलं आणि प्रत्येकाने पुढचा प्रश्न तोच विचारला, "मग बोलतं कोण ती?"

बोलत कोणी नाही. ती लिफ्टला सांगायची भाषा आहे. लिफ्टने कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, किती वेळ धरायचं, हे सगळं एका प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. तो प्रोग्राम भावोजींच्या भाषेत लिहिला तर लिहिणाऱ्याला एक चूक करताच येत नाही: दार उघडं असताना लिफ्ट मजला सोडेल असं काही त्यात लिहिलं, तर भाषा ते घेतच नाही. चिखलाचे पाय घेऊन आलेल्या माणसाला माझी ताई जशी दारातच अडवते, तशी अडवते. भाषेचं नावही त्यांनी 'उंबरठा' ठेवलं. ताईला वाटलं ते तिच्यावरून ठेवलं. भावोजींनी तो गैरसमज दूर केला नाही, कारण ते गणितात हुशार आहेतच, पण संसारातही अगदीच कच्चे नाहीत.

भावोजी विद्यापीठाच्या संगणक विभागात संशोधक आहेत. कायमचे नव्हेत, दर दोन वर्षांनी मुदत वाढवून मिळणारे. वय एक्कावन्न. शर्टाची बटणं खालून वर लावतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "वरून सुरुवात केली की शेवटी एक बटण उरण्याची शक्यता असते. खालची टोकं आधी जुळवली की ती शक्यताच संपते." मी तेव्हापासून खालूनच लावतो. अशा माणसाच्या हातून काही सुटेल असं कुणाला वाटणार?

मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, ताई आणि भावोजी सातव्यावर. मी एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासतो. त्यामुळे वर्षातून एक दिवस माझी नेमणूक सातव्या मजल्यावर होते. तो दिवस कॉन्फरन्सचा.

कॉन्फरन्स म्हणजे काय तेही सांगायला हवं. भावोजींच्या धंद्यात नुसतं पुस्तक लिहून कोणी विचारत नाही. वर्षातून एकदा कुठल्या तरी लांबच्या गावी प्रोग्रामिंगच्या भाषांवर काम करणाऱ्यांची मोठी कॉन्फरन्स भरते. तिच्यासाठी पेपर पाठवायचा. तीन अनोळखी परीक्षक तो वाचतात. पटला तर बोलावतात, नाही तर तीन पानी पत्रातून अतिशय सभ्य शब्दांत धुऊन काढतात. पेपरवर लेखकाचं नाव घालायला बंदी. एवढंच नाही, आतूनही ओळख पटता कामा नये. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख परक्याचा असल्यासारखा करायचा. भावोजींना ही सवय इतकी लागली की स्वतःच्याच जुन्या पेपरबद्दल त्यांनी लिहिलं, 'या लेखकाचा युक्तिवाद काही ठिकाणी घाईचा वाटतो.' ताई म्हणाली, "घरातही असंच बोलत जा. निम्मी भांडणं मिटतील."

पेपर दोनदा परत आला होता. पहिल्या वर्षी परीक्षकांनी लिहिलं, कल्पना चांगली आहे, पण ही भाषा प्रत्यक्षात कोण वापरतं? मग भावोजींनी एका लिफ्ट-कंपनीतल्या इंजिनीअरबाईंना गाठलं. बाई चोख होत्या. त्यांनी एकच विचारलं, "सिद्ध झालंय ना हे?"

भावोजी म्हणाले, "कागदावर झालंय. यंत्राकडून तपासून घेणं चालू आहे."

बाईंनी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. माणसं बहुतेक तोच ऐकतात. आमच्याच इमारतीच्या लिफ्टपासून सुरुवात झाली आणि वर्षभरात उंबरठा एकतीस इमारतींत पोचली. ज्या दिवशी आमच्या लिफ्टमध्ये ती बसवली त्या दिवशी भावोजी खालून वर, वरून खाली नऊ वेळा जाऊन आले. आठव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भावोजींना घर सापडत नाहीये का?"

दुसऱ्या वर्षी पेपरात एकतीस ओळींचा तक्ता गेला. परीक्षक म्हणाले, वापर उत्तम, पण सिद्धता कागदावर आहे, माणसाने तपासलेली. यंत्राने तपासलेली कुठे आहे?

म्हणजे बघा, आधी लोकांना लिफ्टमध्ये बसवलं, आणि मग विचारलं की दोर पक्का आहे का. तेव्हा हे कुणालाच असं दिसलं नाही. मलाही नाही. मी स्वल्पविराम बघत होतो.

विभागप्रमुखांनी भावोजींना चहाला बोलावलं, स्वतःच्या हाताने बिस्किटांची बशी पुढे केली आणि सांगितलं की या वर्षी पेपर गेला आणि घेतला गेला, तर मुदतवाढीचं बघता येईल. नाही तर त्यांचा स्वतःचाच इलाज चालणार नाही. भावोजींनी घरी येऊन ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बिस्किटं कुठली होती?" ती घाबरली की असंच काहीतरी विचारते. औषधाच्या दुकानात गेली वीस वर्षं गोळ्यांची नावं वाचून वाचून तिचा आवाज कधीच चढत नाही. नुसता बारीक होतो.

आता चिठ्ठ्यांकडे येतो.

सिद्धता तपासणारं यंत्र म्हणजे खरं तर एक प्रोग्रामच. भावोजी त्याला 'तपासनीस' म्हणत. तपासनीस भलताच खडूस. प्रत्येक पायरीला "का?" विचारतो. पायरी पटली की हिरवी खूण करतो. पण संशोधन करणाऱ्या माणसाला कधी कधी एखादी पायरी लगेच जमत नाही आणि पुढे तर जायचं असतं. त्यासाठी एक सोय आहे. त्या जागी एक शब्द लिहायचा, ज्याचा अर्थ 'तूर्तास हे खरं मान'. तपासनीस कुरकुरत मानतो आणि तिथे एक पिवळी रेघ मारून ठेवतो. नंतर परत येऊन ती पायरी सिद्ध करायची आणि तो शब्द खोडायचा.

भावोजींच्या सिद्धतेत असे त्रेसष्ट 'तूर्तास' होते. पिवळ्या रेघांनी पडदा कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी त्या रेघा दाखवणंच बंद करून टाकलं आणि कागदाच्या पिवळ्या चिठ्ठ्या आणल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक आकडा आणि दोन ओळी, आणि त्या सगळ्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवल्या. पायरी सिद्ध झाली की चिठ्ठी फाडून टाकायची. ज्या माणसाचा विश्वास फक्त यंत्राने तपासलेल्या गोष्टींवर, त्याने हिशोब मात्र डिंकावर सोपवला. आम्हाला कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. उलट गंमत वाटायची. ताई सकाळी डबा भरताना म्हणायची, "आज किती तूर्तास राहिलेत?" आणि भावोजी अंघोळीतून ओरडायचे, "बावीस."

कपाट शेगडीच्या बाजूला होतं. वाफेने डिंक सुकायचा. एखादी चिठ्ठी गळून पडायची, ताई उचलून पुन्हा थापून लावायची.

ज्या दिवशी शेवटची चिठ्ठी फाडली त्या दिवशी ताईने ते कपाट साबणाच्या पाण्याने पुसलं. मी वर गेलो तर दोघं ते रिकामं दार बघत उभे होते. भावोजींनी फाइलमध्ये तो शब्दही शोधून पाहिला होता. कुठेच नव्हता. म्हणजे मुख्य फाइलमध्ये. लिफ्टच्या बारीकसारीक नियमांची एक जुनी फाइल बाजूला होती, दोन वर्षांत न उघडलेली. ती भावोजींच्या हिशोबी कधीच पूर्ण झालेली होती, कारण कपाटावर तिची चिठ्ठी नव्हती.

याच दरम्यान लिफ्ट वेगळी वागायला लागली. पण वेगळी म्हणजे किती? वीज जाऊन आली की ती निघताना एक उसासा टाकायची. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या की दार पुरतं लागायच्या आत जमीन हलते. एकदा दूधवाल्याच्या प्लास्टिकच्या खोक्याचा कोपरा चेपला. त्याला वाटलं आपणच धसमुसळेपणा केला. कंपनीचा माणूस येऊन तेल घालून गेला. नर्सबाईंनी भावोजींना जिन्यात अडवलं. भावोजी हसून म्हणाले, "दार उघडं असताना ती मजला सोडणारच नाही. सिद्ध झालंय."

"सिद्ध झालेलं मला कळत नाही, प्रोफेसर," नर्सबाई म्हणाल्या. "माझी चप्पल अडकली होती, ते कळतं. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. ज्या पेशंटचे सगळे कागद चांगले असायचे ना, त्याच्यापाशी मी जास्त वेळ बसायचे."

भावोजींनी हे घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. ताई मात्र हसली नाही. त्या आठवड्यापासून ती जिन्याने जायला लागली. विचारलं तर म्हणायची, गुडघ्यांना बरं असतं.

पेपरची मुदत आमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी चारला संपत होती. भावोजींनी सकाळीच एक प्रत वेबसाइटवर चढवून ठेवली होती. चारपर्यंत हवे तेवढे बदल करायचे, नाही केले तर आहे तीच प्रत परीक्षकांकडे जाणार. त्या दिवशी दुरुस्तीसाठी दुपारी एक ते साडेतीन वीज बंद राहणार अशी सूचना फाटकावर लागली होती. गावाच्या आमच्या अख्ख्या भागात. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरनेट ताईच्या फोनवर, अशी तयारी झाली होती.

मी अडीचच्या सुमारास शब्दकोश काखेत मारून जिन्याने निघालो. माझा शब्दकोश जुना आणि जाड आहे आणि त्यात खुणेला मी हाताला लागेल ते घालतो: बसचं तिकीट, औषधाचं वेष्टन, एकदा तर सॉक्स. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबलेली होती. फरशीपासून चार बोटं खाली, दार अर्धवट उघडं, आत काळोख. बाहेर नर्सबाई स्टूल टाकून लोकरीचं विणत बसल्या होत्या. स्टुलाचे दोन पाय बाहेरच्या फरशीवर, दोन लिफ्टच्या आत.

"अंधारात कोणी पाय टाकून पडेल," त्या म्हणाल्या. "वीज आली की पहिली मी खाली जाणार आहे, पोस्टात. तू कुठे निघालास ग्रंथ घेऊन?"

मी म्हटलं, स्वल्पविराम मारायला. त्या म्हणाल्या, जपून, एखादा उलटायचा.

वर शेवटचा हात फिरवणं चाललं होतं. भावोजी पडद्यावर, मी कागदावर. ताईने त्या दिवसाची रजा घेतली होती आणि दर अर्ध्या तासाने चहा करत होती, कारण शेगडी तेवढी चालू होती. पावणेतीनला एका शब्दावर माझं अडलं. त्याचा नेमका अर्थ बघायला मी शब्दकोश उघडला आणि त्यातून एक कागद निसटून टेबलावर पडला.

पिवळा. चौकोनी. एका कडेला सुकलेल्या डिंकाची रेघ. वर भावोजींच्या अक्षरात '४१' आणि खाली दोन ओळी.

मला ते लगेच आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असंही लगेच वाटलं. दीडएक वर्षापूर्वी मी असाच वर आलो होतो. शेगडीखाली एक कागद पडलेला होता. मी तो उचलला. कपाटावर लावायला म्हणूनच उचलला असेल. पण हातात शब्दकोश होता, पान हरवू नये म्हणून तो तात्पुरता आत घातला, आणि तेवढ्यात ताईने चहा पुढे केला. बस्स, एवढंच.

भावोजी चिठ्ठीकडे बघत होते. त्यांनी ती उचलली नाही. "ही कुठून आली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज ताईसारखा बारीक झाला.

त्यांनी ती जुनी फाइल उघडली आणि पिवळ्या रेघा दाखवायची कळ परत चालू केली. अकरा हजार ओळींच्या हिरव्या रानात एकच पिवळी रेघ होती. मग ते ती पायरी सिद्ध करायला बसले. मला वाटलं, बावीस जमल्या, बासष्ट जमल्या, ही एक जमणार नाही का? ताईनेही तेच म्हटलं असावं, कारण तिने कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

वीस मिनिटांनी त्यांचे हात थांबले.

"हे जमत नाहीये," ते म्हणाले. "जमणारच नाही. हे खोटं आहे."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं, हळू. लिफ्ट मजल्याशी तंतोतंत जुळत नाही तेव्हा ती दार उघडं ठेवूनच चार बोटं वरखाली सरकते. ही जुळवणी. तेवढ्यापुरतं दाराचं लोखंडी कुलूप बाजूला होतं आणि सगळी मदार प्रोग्रामवर राहते. नेमकी जुळवणी चालू असताना वीज गेली, तर वीज परत आल्यावर प्रोग्रामला वाटतं की जुळवणी अजून चालूच आहे. कुलूप बाजूलाच राहतं. आणि त्याच वेळी दोन वेगवेगळ्या मजल्यांवरून बटण दाबलं गेलं, तर लिफ्ट निघते. दार उघडं ठेवून निघते. चार बोटं नाही, जिथपर्यंत बोलावलं तिथपर्यंत.

"आपली लिफ्ट आत्ता कशी थांबली आहे?" त्यांनी मला विचारलं. "येताना पाहिलीस?"

मी म्हटलं, पाचव्यावर. चार बोटं खाली. दार अर्धं. नर्सबाईंचं स्टूल अर्धं आत.

भावोजी उठले. घड्याळात तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. वीज साडेतीनला यायची होती. लिफ्टचा मुख्य खटका तळघरात. "नर्सबाईंना दारापासून उठव," ते म्हणाले आणि अनवाणी जिना उतरायला लागले. एक्कावन्न वर्षांचा हा माणूस एरवी पायरी मोजून उतरतो. त्या दिवशी मी पाचव्यावर पोचलो तेव्हा त्यांची पावलं दुसऱ्यावर ऐकू येत होती.

नर्सबाई उठायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, सुईवरची घरं मोजायची राहिलीत, ही ओळ पुरी होऊ दे. मी म्हटलं, उठा, भावोजींनी सांगितलंय. "आता प्रोफेसर सांगतात होय?" त्या म्हणाल्या आणि सुया काखेत धरून, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश उठल्या. मी त्यांना दंड धरून दोन पावलं मागे ओढलं. त्या मला काहीतरी लागट बोलणार होत्या.

तेवढ्यात जिन्यातला दिवा लागला. जाहीर वेळेच्या आधी वीज आल्याचं मला त्या एकाच दिवशी आठवतं.

लिफ्टच्या आतला पंखा फिरायला लागला. भिंतीवर खाली जायचा बाण उजळला. कोणीतरी तळमजल्यावर वाटच बघत असणार. मग वर जायचा बाणही उजळला. लिफ्टने उसासा टाकला. तो मी जवळून पहिल्यांदा ऐकला. माणसाने बसल्या जागेवरून उठताना टाकावा तसा होता. दार होतं तसंच अर्धं उघडं राहिलं आणि स्टुलाचे आतले दोन पाय संथपणे वर उचलले जाऊ लागले. बोटभर. मग चार बोटं. मग आणखी दोन. स्टूल आमच्या बाजूला कललं, त्यावरचा लोकरीचा गुंडा घरंगळत माझ्या पायाशी आला.

आणि सगळं काळोखलं. पंखा थांबला. दोन्ही बाण विझले. जिन्यातला दिवा मात्र तसाच जळत होता. भावोजी तळघरात पोचले होते.

नर्सबाईंनी त्या कललेल्या स्टुलाकडे पाहिलं, माझ्या हातातला आपला दंड सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "ते स्टूल तिथेच राहू दे. लोकांना दिसू दे."

वर आलो तेव्हा ताई धाप लागल्यासारखी दिसली, जरी ती जागची हलली नव्हती. पाठोपाठ भावोजी आले. पाणी न पिता त्यांनी इंजिनीअरबाईंना फोन लावला. बाईंना दोन वाक्यांत कळलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या इमारतींत आहे हे?"

"सगळ्यांत," भावोजी म्हणाले.

दुरून बंद करायची सोय पुढच्या वर्षी येणार होती. पेपरात तक्त्यातल्या इमारतींना नावं नव्हती, ओळख लपवायची म्हणून क, ख, ग करून टाकलेलं होतं. पण भावोजींच्या वहीत पत्ते आणि देखरेखीवाल्यांचे नंबर होते. सोळा बाईंनी घेतल्या, पंधरा आमच्याकडे राहिल्या. आमची धरून पंधरा, म्हणजे फोन चौदा. ज्या भागात वीज गेली होती त्या पाच इमारती आधी.

एका पहारेकऱ्याने विचारलं, कंपनीचं पत्र आहे का? दुसऱ्याने सांगितलं, आमची लिफ्ट छान आहे, तुमची तुम्ही बघा. भावोजी प्रत्येकाला तेच सांगत होते: मी ती भाषा लिहिली आहे, माझी चूक झाली आहे, खटका पाडा, मी फोन धरून ठेवतो. 'माझी चूक' म्हणताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

चारला आठ मिनिटं असताना ताईने लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. पेपर वेबसाइटवर होताच. काही केलं नाही तर आपोआप परीक्षकांकडे जाणार होता. पहिल्याच पानावर, पहिल्या परिच्छेदात, ठळक अक्षरात वाक्य होतं: दार उघडं असताना लिफ्ट मजला सोडत नाही, हे यंत्राने तपासून सिद्ध झालं आहे.

मी म्हटलं, तूर्तास राहू द्या. नंतर कळवता येईल, दुरुस्ती पाठवता येईल, एवढी तीन वर्षं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं की मी कुठला शब्द वापरला.

भावोजींनी फोन कानाला लावलेलाच होता. त्यांनी मान हलवली आणि ताईकडे बघून म्हणाले, "मागे घे."

"विभागप्रमुखांचं काय?"

"त्यांना बिस्किटं आवडतात. आपण एक पुडा देऊ."

ताईने कळ दाबली. वेबसाइटने विचारलं, नक्की? तिने चष्मा सारखा केला, दुकानात गोळीचं नाव वाचते तसं ती सूचना एकदा पूर्ण वाचली आणि पुन्हा दाबली. पडद्यावर एक राखाडी ओळ आली की या नावाचा पेपर आता नाही. मग ती उठली आणि कपाटाचं दार पुसायला लागली, ते स्वच्छ असताना.

त्या भागातल्या पाचांपैकी आमची आणि आणखी तीन बंद झाल्या होत्या. पाचव्या इमारतीचा फोन लागत नव्हता. चार वाजून गेल्यावर लागला. फोन एका बाईंनी उचलला. देखरेख करणारे त्यांचे यजमान वर घरी जेवायला गेले होते, त्यांचा फोन बाईंकडेच होता, त्या नुकत्याच बाजारातून आल्या होत्या आणि लिफ्टसमोर उभ्या होत्या. भावोजींनी फोनचा आवाज मोठा केला.

"बाई, लिफ्टमध्ये जाऊ नका. जिन्याने जा."

"हातात पिशव्या आहेत हो माझ्या. सहा मजले. कोण बोलतंय?"

"खटका कुठे आहे माहीत आहे?"

"वर गच्चीत. यांनाच माहीत. वीज मघाशीच आलीय, लिफ्ट इथेच आहे, दार पण उघडंच आहे. मी जाऊन यांना सांगते."

"जमिनीशी जुळलेली आहे का? की जरा वरखाली आहे?"

बाई थांबल्या. बहुतेक वाकून बघत असाव्यात. "जरा खाली आहे," त्या म्हणाल्या. "चारेक बोटं. का?"

भावोजींनी डोळे मिटले. ओरडले नाहीत. मुलाला रस्त्याच्या कडेला उभं करावं तशा आवाजात म्हणाले, "तुम्ही माझ्यावर चिडा, मला काय हवं ते बोला, पण पिशव्या खाली ठेवा आणि दोन पावलं मागे या. आलात? आता जिन्याकडे चला. मी फोनवर आहे."

पिशव्या फरशीवर टेकल्याचा आवाज आला. बाई खरंच बोलत होत्या. कंपनीला, लिफ्टला, यजमानांच्या जेवणाच्या वेळेला, आणि या कोण कुठल्या माणसाला. चपला वाजल्या. एक पायरी, दोन पायऱ्या. भावोजी मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. ताई फडकं हातात धरून उभी होती.

मग फोनमधून तो उसासा ऐकू आला. मी पाऊण तासापूर्वी ऐकला होता तसाच.

चपला थांबल्या. लिफ्टची घरघर तेवढी वर वर जात बारीक होत गेली.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता, "ही दार उघडं टाकूनच गेली की."

"आत कोणी होतं?" भावोजींनी विचारलं.

"नाही. मी जाणार होते."

"बरं," भावोजी म्हणाले. "आता जिन्याने वर चला, वाटेत यजमानांना घेऊन गच्चीवर. सावकाश. प्रत्येक मजल्यावर कोणी दाराशी दिसलं तर मागे सरकवा. मी फोन ठेवत नाही."

त्या चढत राहिल्या आणि आम्ही तिघं त्यांची धाप ऐकत राहिलो, मजल्यामागून मजला. टेबलावर एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी पडली होती. ताईने ती उचलली, कपाटावर मधोमध धरली आणि डिंक उरला नव्हता म्हणून बोटाने तशीच दाबून उभी राहिली.